साहेबांसाठी संत्री

वरूड,
४ ऑगस्ट २०२५

चिरंजीव गीतांजली,

घरातील सर्वांचा आशीर्वाद या पत्रासोबत येत आहे. तू अकोल्यास सुखरूप पोहोचलीस, खोली मिळाली आणि महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा वर्ग तुझ्याकडे आला, हे तुझ्या वडिलांकडून, शेखरकडून समजले. त्याने ते फोनवर ऐकले आणि मला निम्मेच सांगितले. सबब यापुढे महत्त्वाचे ते पत्राने कळवावे. फोन पाऊसपाणी आणि प्रकृती विचारण्यापुरता ठीक आहे. त्यावर माणूस विचार करण्याच्या आधी बोलतो.

एक गोष्ट मला उमगली नाही. तू वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालीस. अमरावतीस पीएच.डी.चे काम करीत आहेस. अशा व्यक्तीस शिकविण्याचे शिक्षण वेगळे का घ्यावे लागते? शेखर म्हणाला की, तुझ्या वर्गात मागच्या बाकावर कोणी डॉक्टर तायडे बसणार आणि लिहून घेणार. हा प्रकार मला तपासणीचा दिसतो. तसे असल्यास स्पष्ट कळवावे. तपासणीस कसे सामोरे जावे, हे मी पाहिलेले आहे.

तोवर दोन गोष्टी ध्यानी ठेव. वर्गात ताठ उभे राहावे. आणि वर्गात वऱ्हाडी शब्द तोंडून जाऊ देऊ नये. मी चौथी शिकलो, परंतु संत्र्याच्या मंडीत दिल्लीचे व्यापारी आले तरी माझ्या तोंडी अशुद्ध शब्द कोणी ऐकलेला नाही. ते मला ‘मास्तर’ म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

तुझ्या आजीचा निरोप तिच्याच शब्दांत देतो, कारण तिने तशी अट घातली आहे. “पोरीले म्हना, शिकवून राहिली तं शिकव, पन जेवन टाकू नको.”

तुझा आजा,
वामन नत्थुजी खेरडे


अकोला,
१२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा खोलीतल्या मैत्रिणी गोळा झाल्या. कुणाला तरी खरोखरीचं पत्र येतं, हे त्यांना बघायचं होतं. अक्षर पाहून एकीने विचारलं, “आजोबा हेडमास्तर होते का गं?” मीही दुरुस्त केलं नाही.

आबाजी, ही तपासणी नाही. आम्ही पाच संशोधक विद्यार्थी आहोत. आम्हाला आमचा विषय येतो, पण तो दुसऱ्याला कसा द्यायचा हे आजवर कुणी शिकवलेलं नाही. म्हणून आमच्या विभागाने ही सोय केली आहे. एक सत्र कॉलेजात शिकवायचं आणि दर शनिवारी अमरावतीला जाऊन एकमेकांसमोर तास घ्यायचे. डॉ. नागसेन तायडे सर आमचे मार्गदर्शक. ते अधूनमधून वर्गात येऊन बसतात. दोष काढत नाहीत, तास संपल्यावर फक्त एक प्रश्न लिहून देतात.

माझ्या पहिल्या तासाला ते आले होते. झाडात पाणी वर कसं चढतं, हे मी सलग तासभर सांगितलं. ताठ उभी होते, भाषा शुद्ध होती, कुठे अडखळले नाही. सरांनी चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, “वर्गात कोण कोण होतं?” मला एकही नाव सांगता आलं नाही.

एक नाव नंतर कळलं. खुशी. अकोल्याजवळच्या खेड्यात त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. सकाळी आईबरोबर बाजारात दुकान मांडून ती कॉलेजात येते, चपलांना चिखल असतो, तिसऱ्या बाकावर बसते. दुसऱ्या दिवशी मी बोलत असताना मध्येच उभी राहिली. “मॅडम, आमी पालक कापून आनतो. मूळ तं वावरातच राहते. मंग दुपारी पानी मारलं का थो पुन्हा ताठ काहून होते?” सगळा वर्ग हसला. मला उत्तर नीट जुळवता आलं नाही, म्हणून “हे अभ्यासक्रमात नाही,” म्हणून बसवलं. ती बसली, पण “मंग अभ्यासक्रमात हाय तरी काय,” असं पुटपुटली. वर्ग पुन्हा हसला.

सर आता सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा येणार आहेत. त्या तासावरून ठरेल की पुढच्या सत्रात मला स्वतंत्र वर्ग मिळतो की नाही. मला तो हवा आहे, आबाजी. त्या दिवशी खुशी काय विचारेल, याची धास्ती वाटते.

आजीला सांगा, जेवते. डबा बरा आहे, ठेचा सोडून.

तुमची,
गीता


वरूड,
१९ ऑगस्ट २०२५

चिरंजीव गीतांजली,

पत्र पोहोचले. दोनदा वाचले.

तू काहीही म्हण, मागच्या बाकावर बसून जो लिहितो तो तपासणीसच. चिठ्ठीत त्याने प्रश्न लिहिला, हा त्याचा सभ्यपणा झाला. ‘वर्गात कोण कोण होतं’ हा प्रश्न एम.एस्सी. झालेल्या मुलीस विचारणे मला रुचले नाही. हजेरी घेणे हे काही विद्वत्तेचे काम नव्हे. परंतु ते तुझे वरिष्ठ आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही.

आता तपासणीचे ऐक. आमच्या गावच्या शाळेत वर्षातून एकदा, थंडीत, डेप्युटी साहेब येत. त्या दिवसाची गुरुजींची तयारी पाहण्यासारखी असे. भिंतींना चुना, अंगणास सडा. उत्तरे येणारी मुले पुढच्या रांगेत. आणि जो मुलगा साहेबांसमोर भलते काही बोलेल, त्यास गुरुजी सकाळीच कोणते तरी काम सांगत. कोणी पाणी भरे, कोणी साहेबांच्या दमणीचे बैल सांभाळी. त्यामुळे वर्गाची शोभा राहत असे आणि त्या मुलांचाही अपमान होत नसे. हे शहाणपण आहे.

माझे काम मात्र निराळे होते. साहेबांसाठी संत्री आणण्याचे. वर्गात इतकी मुले, पण गुरुजी दरवर्षी मलाच निवडीत. “वामन, साहेबांना तुझ्याच बागेतली संत्री हवीत, नीट पारखून आण.” साहेब येण्यापूर्वीच मी निघे. बाग दूर, नाला ओलांडून. फळ देठासह कातरून, पानासकट टोपलीत रचून आणीपर्यंत वर्गातील प्रश्नोत्तरे आटोपलेली असत. साहेब एक फळ सोलून खात आणि म्हणत, “उत्तम.” तो शब्द मी विसरलेलो नाही. पुढे बाग माझ्याकडे आली तेव्हा पारखून तोडण्याची जी सवय लागली, ती त्या दिवसांची आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. त्या खुशी नामक मुलीस त्या दिवशी मानाचे काम दे. तिलाच जमेल असे. ती आनंदाने जाईल, तुझा वर्ग शिस्तीत राहील आणि तायडे साहेबांस चिठ्ठीवर लिहावयास काही उरणार नाही.

हे मी तुझ्या आजीस वाचून दाखविले. ती म्हणाली, “सायब येवो का फायब येवो, पोरगी हुशार हाय.” मग मध्येच हसू लागली. कारण विचारले असता सांगितले नाही.

तुझा आजा,
वामन नत्थुजी खेरडे


अकोला,
९ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबाजींना नमस्कार.

तास झाला. तुम्ही सांगितलं तसंच केलं. खुशीला म्हटलं, भिंगाखाली पाहायला ताजा पालक लागेल, तुझ्याच मळ्यातला आण. ती लगेच निघाली.

वर्ग शांत होता. मी तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं पुढच्या बाकांवरून आली. सरांनी या वेळी लिहिलं, “वर्ग इतका शिस्तीत कसा?” आणि खाली सही केली. म्हणजे झालं असं समजायला हरकत नाही.

जास्त लिहीत नाही. उद्याच्या तासाची तयारी आहे.

तुमची,
गीता


वरूड,
१५ सप्टेंबर २०२५

चिरंजीव गीतांजली,

अभिनंदन. तुझे पत्र आले त्या दिवशी मी स्वतः बाजारात जाऊन पेढे आणले आणि शेजारी वाटले. महादेवरावांनी विचारले, “कशाचे जी?” मी सांगितले, “नात तपासणीत उत्तीर्ण झाली.” ते म्हणाले, “मास्तरची नात, होनारच.” मी त्यांना आणखी एक पेढा दिला.

‘वर्ग इतका शिस्तीत कसा’ ही प्रशंसाच होय. गुरुजींची रीत इतक्या वर्षांनी, महाविद्यालयात आणि माझ्या नातीच्या हातून उपयोगी पडली, याचे मला समाधान आहे.

मात्र तुझ्या आजीने पत्र हातात घेतले, उलटून पाहिले आणि म्हणाली, “येवढंसंच? पोरीनं आनंदाचं पत्र येवढंसं कधी लिहिलं नाई.” मी म्हणालो, ती कामात आहे. ती म्हणाली, “तुमाले नाई समजत.” तरी विचारून ठेवतो. प्रकृती बरी आहे ना?

आंबिया बहाराची संत्री या वर्षी भरगच्च आहेत. दिवाळीनंतर तोड.

तुझा आजा,
वामन नत्थुजी खेरडे


अकोला,
२८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबाजींना साष्टांग नमस्कार.

आजीचं बरोबर आहे. त्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी तास संपला, सर निघून गेले, मुलं बाहेर पडत होती आणि खुशी आली. पळत आली असावी. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पालक. एकेक पान धुतलेलं. म्हणाली, “उशीर झाला का जी, मॅडम? मायनं धुवून देल्याबिगर जाऊच नाई देलं. म्हने, कालेजात आपला पालक लागून राहिला, असाच कसा नेतं?” मग वर्गाकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, “पाह्यलं का बे, मॅडमनं मलेच पाठवलं.”

तिच्या तोंडावरचा आनंद मला बघवला नाही. तो पालक मी खोलीवर आणला. भिंगाखाली ठेवला नाही आणि खाल्लाही नाही.

त्यानंतर तिने प्रश्न विचारणं बंद केलं. रागावून नाही. आता ती कामं विचारते. “मॅडम, काही आनू का?”

मागच्या शनिवारी अमरावतीला गेले तेव्हा तायडे सरांना सगळं सांगितलं. तो तास माझ्या नावावर धरू नका, असंही म्हटलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “खरं सांगायचं तर तिसऱ्या बाकाकडे माझं लक्ष होतं. मागच्या खेपेला तिथली एक मुलगी तुमच्याकडे फार रोखून पाहत होती. या खेपेला ती नव्हती, म्हणून तर विचारलं.” मग चहा मागवला आणि म्हणाले, “पुन्हा घ्या तास. ऑक्टोबरात येतो. पण या वेळी मी सांगून येणार नाही.”

म्हणजे वर्ग मिळेल की नाही, ते अजून ठरायचं आहे. पेढे वाटून झाले, त्याबद्दल माफ करा.

आबाजी, सल्ला तुमचा होता असं मनात आणू नका. तो मला सोयीचा वाटला, म्हणून मी घेतला. फक्त एक विचारू का? तुम्ही संत्री आणायला जायचात, तेव्हा साहेब वर्गात काय काय विचारायचे?

तुमची,
गीता


वरूड,
६ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव गीतांजली,

पत्र मिळाले.

वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. महादेवरावांस मी काही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. तुझा तास होऊन जाऊ दे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की, साहेब काय विचारीत ते मला ठाऊक नाही. मी बागेत असे.

बाकी सर्व क्षेम.

वामन नत्थुजी खेरडे


अकोला,
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आबाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून वाटलं, विचारायला नको होतं. राग धरू नका.

तास काल झाला. सर खरंच न सांगता आले. मला दिसले तेव्हा ते मागच्या बाकावर बसलेले होते.

मी आदल्या दिवशीच खुशीला गाठलं होतं. म्हटलं, “तुझा पालकाचा प्रश्न मला आता येतो. पण उत्तर सांगायच्या आधी तू तो पुन्हा विचार, सगळ्यांसमोर. कुठे जाऊ नकोस.” ती म्हणाली, “मंग पालक कोन आनन?” मी म्हटलं, “मी आणते.” पहाटे बाजारात गेले आणि तिच्या आईकडूनच दोन जुड्या घेतल्या. माऊलीने वाळलेलं पानही राहू दिलं नाही.

एक जुडी टेबलावर तशीच ठेवली, ती माना टाकून पडली. दुसरीचे देठ पाण्यात ठेवले, वर ओलं फडकं. खुशी उभी राहिली आणि विचारलं, अगदी तशीच, ‘काहून’सकट. कुणी हसायच्या आत मी म्हटलं, “कुणाला काय वाटतं?” आणि गप्प बसले. आबाजी, हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. सर दर शनिवारी सांगतात आणि आम्ही पाचही जण दर शनिवारी नापास होतो.

मग रोहित म्हणाला, पानं वरून पाणी पितात. खुशी म्हणाली, “वरून पेलं असतं तं आमी वावरात मुळाले पानी काहून देतो?” तिसरा म्हणाला, देठातून चढतं. मग भिंग, मग फळा, मग भांडण. पाणी देठातूनही चढतं आणि ओल्या फडक्याने पानातलं पाणी उडूनही जात नाही, हे त्यांनीच जुळवलं. मी शेवटी फक्त नावं सांगितली. मधे मीही दोनदा ‘काहून’ म्हणाले. माफ करा.

सरांच्या चिठ्ठीवर या वेळी प्रश्न नव्हता. पुढच्या सत्राचा वर्ग माझा.

आता एक विनंती. दिवाळीनंतर मी एका तासाला संत्र्याच्या झाडाबद्दल शिकवणार आहे. तुम्ही वर्गात याल का? पाहुणे म्हणून फुलं घेऊन उभं राहायला नाही. बाकावर बसायला.

तुमची,
गीता


वरूड,
३ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव गीतांजली,

दिवाळीत तू चार दिवस घरी होतीस आणि आपण दोघांनीही तो विषय काढला नाही. ते योग्यच झाले. घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि तू माझ्या ताटात दोनदा अनरसे वाढलेस, त्यावरून मला काय ते समजले.

मागील महिन्यातील माझे पत्र कोरडे होते. त्याचे कारण तुझा प्रश्न नव्हता. उत्तर माझ्यापाशी नव्हते, हे कारण होते. इतकी वर्षे ते आपल्यापाशी नाही, हे माझ्या ध्यानीच आले नव्हते.

तू गेल्यावर मी तुझ्या आजीस विचारले. तुला ठाऊक आहे की ती त्याच गावची. आमच्याच शाळेत ती मुलींच्या रांगेत बसत असे. मी म्हणालो, “साहेब आले की वर्गात काय विचारीत?” ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “एका वर्षी इचारलं होतं, धरतीमाता गोल हाय हे कशावरून. कोनाले नाई आलं. गुरुजीचं तोंड येवढंसं झालं.”

मी म्हणालो, “मला येत होते.”

ती म्हणाली, “तुमाले येतच होतं. पन तुमी उत्तर देऊन थांबले असते का? तुमी सायबालेच इचारलं असतं, काहून. दिवसभर काहून, काहून. गुरुजी भेत होते तुमाले.” मग तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, “मी तवाच पाह्यलं होतं, हे पोरगं बरं हाय म्हनून.”

एवढ्या वर्षांच्या संसारात हे तिने मला प्रथमच सांगितले. तेव्हा त्या संत्र्यांनी माझे नुकसानच केले, असे म्हणता येत नाही. फळ पारखण्याची सवय मला त्यांनीच लावली, आणि गुरुजींनी माझा अपमान होऊ दिला नाही, हेही खरे आहे. साहेबांचे ‘उत्तम’ मी परत करणार नाही. ते संत्र्यांचे होते एवढेच.

त्या प्रश्नाचे उत्तर येथे लिहून ठेवतो. समुद्रावर दुरून जहाज येत असता प्रथम त्याचे शीड दिसते, नंतर खालचा भाग. पृथ्वी सपाट असती, तर सर्व जहाज एकदम दिसले असते. मी समुद्र पाहिलेला नाही, परंतु उत्तर बरोबर आहे.

मी येईन. शेखर मोटारसायकलने वरुडाच्या बसस्थानकावर सोडील, पुढे अमरावतीवरून अकोल्यास मी एकटा येण्यास समर्थ आहे. मला तिसऱ्या बाकावर, त्या खुशीच्या शेजारी जागा ठेवावी. तायडे साहेब आल्यास त्यांच्याशी मी शुद्ध मराठीत बोलेन. वर्गात मात्र मला प्रश्न पडल्यास तो ज्या भाषेत पडेल त्या भाषेत विचारीन.

बहाराची पहिली तोड झाली आहे. तुझ्या वर्गासाठी संत्री पारखून, देठासह, पानासकट टोपलीत रचली आहेत. ती मी स्वतः घेऊन येत आहे. तास सुरू होण्यापूर्वीच ती टेबलावर असतील. ती आणण्यास कोणासही वर्गाबाहेर पाठवू नये.

तुझा,
आबाजी